वैशाखात बघितलेली बाग: आळत्याजवळच्या माळावरचं कौलारू घर

वैशाखात कुणी बाग बघायला जातं का, असं सासूबाईंनी निघतानाच विचारलं. मला मात्र मुद्दाम वैशाखातच जायचं होतं. ऑगस्टात आपल्या कोल्हापुरात उकिरडासुद्धा हिरवागार दिसतो. बाग किती टिकाऊ आहे ते कळायचं असेल तर वळीव यायच्या आधी, मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जायला हवं. माळ करपलेला असतो, विहिरींनी तळ गाठलेला असतो, तेव्हा.

घर हातकणंगल्याच्या पुढं आळत्याकडं, रामलिंग-धुळोबाच्या डोंगराच्या उतारावर आहे. एक निवृत्त जोडपं तिथं राहतं. महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी ते आपलं घर आणि बाग लोकांना फिरून दाखवतात. वर दुपारचं जेवण. माणशी ३५० रुपये, बारा वर्षांखालच्या मुलांना निम्मे. फोन करून आधी नाव नोंदवावं लागतं. घराचं नाव आणि नंबर मी इथं लिहीत नाही, कारण तशी विनंती त्यांनीच केली. एका वेळी वीसच्या वर माणसं त्यांना झेपत नाहीत. आळत्यात 'माळावरचं कौलारू घर' विचारलं की रस्ता दाखवतात, आणि तिथं जाऊन पुढच्या रविवारचं नावही नोंदवता येतं.

आम्ही जाण्यामागं कारण होतं. कागलच्या बाजूला आमची पाच गुंठ्यांची जागा आहे, त्यावर दोन खोल्यांचं घर. तीन वर्षांपूर्वी एका नर्सरीवाल्याकडून आम्ही तिथं बाग करून घेतली. त्यानं दीड हजार चौरस फुटांचं कार्पेट लॉन अंथरलं, कडेनं पाम लावले, मध्ये दोन विलायती झुडपं. पाणी किती लागेल हे त्यानं सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पहिल्या मार्चमध्ये विहिरीनं दम तोडला. मग पाच हजार लिटरचा टँकर, एका खेपेला हजार रुपये, दर आठवड्याला एक. दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही टँकर थांबवला आणि लॉन पंधरा दिवसांत गवताच्या गंजीसारखं पिवळं पडलं. ते बघताना मला फार वाईट वाटलं. पैशांचं दुःख होतंच, पण शेजारच्या वस्तीतल्या बायका घागरी घेऊन ज्या टँकरची वाट बघत होत्या तोच टँकर आधी माझ्या गवतावर रिकामा होत होता, ते जास्त लागलं.

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचं दुर्भिक्ष पटकन पटत नाही. राधानगरीचं धरण राजर्षी शाहू महाराजांनी बांधायला घेतलं तेव्हापासून आपण पाण्याच्या बाबतीत सुखी आहोत, अशी आपली समजूत. आमचं घर शाहूपुरीत आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं आणि प्यायला टँकर बोलवावा लागत होता, कारण शहराला पाणी देणारे पंपच पुरात बुडले होते. पण हाच जिल्हा गगनबावड्याला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस बघतो आणि शिरोळला जेमतेम पाचशेच्या आसपास. शिरोली पुलावरून पंचगंगा ओलांडून सांगली रस्त्याला लागलं की तासाभरात हा फरक डोळ्यांना दिसतो. नदीकाठचा ऊस मागं पडतो, पुढं मुरमाचे उघडे माळ आणि वर काळे कातळ.

आम्ही सातजण होतो: मी, माझे मिस्टर, सासूबाई, नणंद आणि तिची दोन मुलं, शिवाय माझी शाळेतली एक मैत्रीण. शेवटचा किलोमीटरभर रस्ता कच्चा आहे. छोटी गाडी जाते, पण दोन ठिकाणी खालून दगड घासतो. फाट्यावर पाटी नाही. आम्ही एकदा चुकून विटभट्टीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. फाट्यावर एक साधी पाटी लावली तरी भागेल.

घर लांबून दिसतच नाही, आणि मला ते फार आवडलं. उताराच्या रंगात ते मिसळून गेलंय. जोतं काळ्या दगडाचं, भिंती विटांच्या, आतून मातीचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. दगड बाहेरून आणलेला नाही, पाया आणि हौद खणताना निघाला तोच वापरला. पुढं लांबलचक सोपा, त्याला लाकडी खांब. पश्चिमेच्या भिंतीला एकच लहान खिडकी, तीही बहाव्याच्या सावलीत. आम्ही पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते, बाहेर ऊन अंगाला चावत होतं. सोप्यात पाय ठेवला आणि शहाबादी फरशीचा गारवा तळपायाला लागला. तिथं पंखा नव्हता, आणि कुणी शोधलाही नाही.

काकूंनी आधी सगळ्यांच्या हातात आंबिलाचे पेले दिले. मग काका म्हणाले, "बाग मागनं बघू. पयला हौद बघा. हौद कळला की बाग आपोआप कळतीय."

काका साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरीला होते. माणूस कमी बोलतो, पण बोलतो ते नेमकं. सोप्याच्या डाव्या अंगाला जमिनीत पाच मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल हौद आहे. कौलांच्या चारी बाजूंना पन्हळी, त्यांतून पाणी एका पाइपात, पाइपातून वाळू-खडीच्या गाळणीत आणि तिथून हौदात. पहिल्या दोन पावसांचं पाणी आत घेत नाहीत. कौलांवरची धूळ, पाखरांची घाण, पालापाचोळा त्याबरोबर वाहून जातो. त्यासाठी पाइपाला वेगळी तोटी आहे, ती फिरवली की पाणी बाहेर केळीला जातं.

हौदाच्या झाकणावर एक काळी फरशी आहे. काकांनी खिशातून खडू काढला आणि तिच्यावर हिशेब मांडला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळतं. छप्पर १४० चौरस मीटर. पाऊस साधारण ५०० मिलिमीटर. म्हणजे सत्तर हजार लिटर. सांडलं, उडालं, पहिल्या पावसाचं सोडलं ते वजा जाता पन्नास-पंचावन्न हजार. हौद पन्नास हजारांचा. दसऱ्याच्या सुमाराला तो भरलेला असतो आणि मिरगापर्यंत पुरवायचा, म्हणजे आठ महिने, २४० दिवस. दिवसाला साधारण दोनशे लिटर. बोअर मारून बघितलं होतं, तीनशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली. गावच्या नळाचं पाणी डोंगराच्या पायथ्यापर्यंतच चढतं.

"दोनशे लिटरात आम्ही दोघं, दोन शेरडं आन ही समदी बाग," काका म्हणाले. "त्येच्यापरीस जास्त कुणाला बी न्हाई."

मी शाळेत गणित शिकवते. त्याच फरशीवर, त्याच खडूनं मी माझ्या लॉनचा हिशेब मांडला. दीड हजार चौरस फूट म्हणजे १४० चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे त्यांच्या छपराएवढंच. उन्हाळ्यात गवताला चौरस मीटरमागं रोज पाचेक लिटर पाणी लागतं. सातशे लिटर. आठवड्याला पाच हजार, म्हणजे बरोबर आमचा तो टँकर. दोन माणसं, दोन शेळ्या आणि पाऊण एकर बाग दिवसाला जेवढ्यात जगतात त्याच्या साडेतीनपट पाणी माझं रिकामं गवत पीत होतं. मुलांना लिटर-मिलिलिटरची उदाहरणं घालताना इतकी वर्षं गेली, पण हा हिशेब कधी घातला नव्हता. जूनमध्ये शाळा उघडली की पाचवीच्या वर्गात पहिलं उदाहरण हेच घालणार आहे.

हौदानंतर बाग. इथं एक शब्द सांगते, कारण बाग करणाऱ्या लोकांच्या तोंडी तो हल्ली ऐकू येतो: झेरिस्केपिंग, म्हणजे कमीत कमी पाण्यावर बाग करणं. १९८१ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्यात हा शब्द तयार झाला. ग्रीक भाषेत झेरोस म्हणजे कोरडं. आपल्याकडं काहीजण तो 'झिरो' असा ऐकतात आणि खडी पसरून मध्ये दोन निवडुंग ठेवले की झालं, असं समजतात. खरं तर त्यात सात गोष्टी आहेत, पाण्याचा अंदाज घेऊन आखणी करण्यापासून ते जमीन सुधारणं, हिरवळ गरजेपुरती ठेवणं, आच्छादन करणं इथपर्यंत. काका-काकूंनी तो शब्द कधी ऐकलेला नाही. पण पाण्याची गरज सारखी असलेली झाडं एकत्र ठेवायची, हे त्यातलं महत्त्वाचं सूत्र त्यांच्या बागेत पावलापावलावर आहे.

घराला चिकटून तहानेली झाडं. न्हाणीचं पाणी जिथं बाहेर पडतं तिथं केळी आणि अळू. मोरीचं पाणी आधी खडीच्या खड्ड्यात, तिथं त्याचा तेलकटपणा अडकतो, मग कढीपत्ता आणि शेवग्याला. सोप्यासमोर तुळस, एक मोगरा, एक जास्वंद. फुलझाडांचे चोचले एवढेच. "मोगऱ्याशिवाय मला करमत न्हाई, म्हणून त्यो ठेवलाय. त्येला माझ्या आंगोळीतली एक कळशी कमी करून घालतो मी," काकू म्हणाल्या. (कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी: आमच्याकडं जुन्या बायका 'मी घालतो, मी जातो' असंच म्हणतात.)

त्यापुढं पंधरा-वीस पावलांवर दुसरा पट्टा. सीताफळ, आवळा, कवठ, चिंच, चाफा, बहावा. यांना लावल्यापासून तीन उन्हाळे पाणी दिलं, नंतर बंद. तेही रोज झारीनं शिंपडायचं नाही. आठ-दहा दिवसांतनं एकदाच, पण आळं भरून, म्हणजे पाणी खोल जातं आणि त्याच्या मागं मुळंही खोल जातात. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकलं की झाड माना टाकतं. माझे पाम असेच गेले, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

आम्ही गेलो त्या दिवशी बहावा असा फुलला होता की नणंदेची मुलं खाली उभं राहून नुसती वर बघत होती. पिवळे घोस, हातभर लांब, आणि झाडावर पान जवळजवळ नाही. शेजारी चाफ्याची तीच तऱ्हा, उघड्या फांद्यांच्या टोकांना पांढरी फुलं. पानं गाळून पाणी वाचवायचं आणि त्याच दिवसांत फुलून घ्यायचं, ही या झाडांची रीत. आपण मात्र बारा महिने हिरवं दिसलं पाहिजे असा हट्ट धरतो.

तिसरा पट्टा उतारावरचा, आणि मला विचाराल तर खरी बाग तीच. तिथं पाणी कधीच घातलेलं नाही. तरवड, करवंद, शमी, आपटा, बोर, निर्गुडी, काटेकोरांटी, कडेला घायपाताचं कुंपण. त्यातली निम्मी झाडं आधीपासून तिथं होतीच, त्यांनी ती फक्त तोडली नाहीत. उताराला आडव्या, एका पातळीत खणलेल्या चरी आहेत, दोन-दोन फूट रुंद. चरीतून निघालेले दगड खालच्या अंगाला ताल, म्हणजे बांध, म्हणून रचलेत. पावसाचं पाणी पळत खाली यायच्या ऐवजी चरीत थांबतं आणि मुरतं, आणि झाड चरीच्या खालच्या बाजूला, तालीच्या आतल्या कडेला. एका चरीपाशी काकांनी आम्हाला थांबवलं. वरच्या बाजूचं एक बोर आणि तालीच्या आतलं एक बोर, दोन्ही एकाच वर्षी लावलेली. वरचं माझ्या कमरेएवढं, तालीतलं मिस्टरांच्या डोक्याच्या वर. "जागा बघून झाड," एवढंच ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

आता दोन गोष्टी जरा सविस्तर, कारण त्या घरी कुणालाही करता येतील.

पहिली, गाडगं. दोन वर्षांच्या एका आंब्याच्या रोपापाशी काकू वाकल्या, जमिनीवरची चपटी खापरी उचलली. खाली गळ्यापर्यंत पुरलेलं मातीचं गाडगं, सहा-सात लिटरचं, आत निम्मं पाणी. मी हात घालून बघितलं, पाणी माठातल्यासारखं गार होतं. गाडगं साध्या लाल मातीचं, भाजलेलं पण रंग किंवा चकाकी न दिलेलं असावं लागतं. भोवतालची माती सुकली की ती गाडग्यातून पाणी ओढून घेते, ओली असली की झिरपणं आपोआप मंद होतं. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी भरायचं. वर खापरी ठेवलीच पाहिजे, नाहीतर डास होतात आणि पाणी उडून जातं. दोन-तीन वर्षांनी गाडग्याची छिद्रं क्षारांनी बुजतात, तेव्हा बदलायचं. काकूंनी बोटानं गाडग्याच्या बाजूची माती उकरून दाखवली. वीतभर अंतरापर्यंत ओल होती, आणि तेवढ्यात आंब्याची पांढरी बारीक मुळं गाडग्याला बिलगलेली दिसली. त्यांनी ती लगेच मातीनं झाकली, लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी.

दुसरी, पाचट. ऊस तोडल्यावर शेतात जो पाला राहतो तो आपल्याकडं बरेच शेतकरी पेटवून देतात. काका खालच्या शेतांतून तो मागून आणतात आणि झाडांच्या आळ्यात वीतभर जाड अंथरतात. मी एका सीताफळाखालचं पाचट बाजूला केलं. वरचा थर हाताला पोळत होता. त्याखालचा मऊ, तपकिरी, कुजायला लागलेला. आणि त्याखाली काळसर ओलसर माती, तिच्यात चक्क गांडूळ. मे महिन्यात, मुरमाच्या माळावर. पावलाभर अंतरावरची उघडी जमीन भेगाळलेली होती. पाचट खोडाला टेकवायचं नाही, चार बोटं अंतर ठेवायचं, नाहीतर वाळवी खोडावर चढते. हे काकांनी दोनदा बजावलं. सुरुवातीची दोन डाळिंबं त्यांनी तशीच गमावली होती.

एका जागी मात्र मला हे घर ओळखीचं वाटलं नाही. फाटकातून आत आल्यावर डाव्या हाताला पांढऱ्या गोट्यांचं एक अंगण केलंय, मध्ये कुंड्यांत परदेशी निवडुंग आणि एक झोपाळा. लग्नाआधीचे फोटो काढायला येणाऱ्यांसाठी कुणीतरी सुचवलं, असं काकूंनी सांगितलं. अकरा वाजता त्या गोट्यांकडं बघवत नव्हतं, इतकी तिरीप. नणंदेचा धाकटा चपला काढून तिथं गेला आणि ओरडतच परत आला. गोटे तापतात, रात्रीपर्यंत तापलेले राहतात आणि शेजारच्या झाडांनाही ती धग लागते. बाकी सगळीकडं जमीन गार ठेवायची धडपड आणि दारातच हा तवा. मी हे काकूंना तिथंच सांगितलं. त्यांनाही ते पटलेलं दिसलं.

त्याच झोपाळ्यामागं बिट्टी आणि कण्हेर लावलीय. दोन्ही झाडं पाण्याविना जगतात, फुलं सुंदर, शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून लावली असणार. पण दोन्ही विषारी आहेत आणि बिट्टीची फळं मुलांना खेळायला हवीहवीशी वाटतात. मुलांच्या झोपाळ्यापाशी ती नकोत. उतारावर शेराचं कुंपणही आहे, त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. तिथं जायच्या आधी काकांनी मुलांना तसं सांगितलं, पण पाटी हवी. मुलं घेऊन जाणाऱ्यांनी त्यांचा हात सोडू नये.

एक वाजता जेवण. सोप्यात पंगत, पत्रावळीवर. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, झुणका, हिरव्या मिरचीचा खर्डा, दही, बागेतल्या करवंदांचं लोणचं आणि शेवटी कैरीचं पन्हं. तांबडा-पांढरा रस्सा मिळत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या गटातल्या एकदोघांची निराशा झाली. माझी झाली नाही. हुलगा, मटकी, ज्वारी, ताटातलं सगळंच कमी पाण्यावर येणारं, आणि त्याच मातीच्या चवीचं. माडगं मी लहानपणी आजोळी गडहिंग्लजला खाल्लं होतं, त्यानंतर आत्ताच. लसणाची फोडणी, वर तुपाचा थेंब. मी तीनदा वाढून घेतलं. खर्डा सांभाळून घ्या, तो कोल्हापूरकरांसाठीच केलेला आहे.

काही गोष्टी सुधारायला हव्यात. उतारावरच्या पट्ट्याकडं जायला दगडी पायऱ्या आहेत, चाळीसेक असतील, उंची कमी-जास्त, धरायला काही नाही. सासूबाई पाचव्या पायरीवरून परत फिरल्या. बांबूचा साधा कठडा लावला तरी म्हाताऱ्या माणसांना ती बाग बघता येईल. आमच्यासोबत आणखी अकराजण होते, एकूण अठरा. काकांचा आवाज हळू, त्यामुळं मागच्यांना निम्मं ऐकू येत नव्हतं. दहा-दहाचे दोन गट करून एक काकांबरोबर आणि एक काकूंबरोबर पाठवला तर बरं होईल. काकूंना सगळं तेवढंच माहीत आहे, त्या सांगतातही रंगून. झाडांवर नावाच्या पाट्या फक्त वरच्या दोन पट्ट्यांत आहेत. खरी गरज उतारावर आहे, कारण तरवड आणि टाकळा यांतला फरक आता शहरातल्या माणसाला कळत नाही. स्वच्छतागृह एकच, पण लख्ख. आणि उन्हाळ्यात फेरी साडेदहाला सुरू करणं चूकच आहे. सकाळी सातला सुरू करून दहाला सोप्यात आणावं, मग घर आणि हौद दाखवावा. मी हे फोनवर सुचवलं तेव्हा काका म्हणाले, कोल्हापूरचे लोक रविवारी सातला येत नाहीत. मला वाटतं, येतील. पहाटे रंकाळ्याला फिरायला जाणारी एवढी माणसं आहेत.

३५० रुपये मला जास्त वाटले नाहीत. त्यांत पोटभर जेवण आहे आणि दोन माणसांनी बारा वर्षं झीज सोसून शिकलेलं सगळं ते हातचं न राखता सांगतात. मी वही नेली होती, सहा पानं भरली. ज्यांनी नुकतीच जागा घेतलीय, अजून झाड लावलेलं नाही, त्यांनी तर नर्सरीत जायच्या आधी इथं जावं. नुसती सहल म्हणून जाणाऱ्यांना पोहायचा तलाव, खेळ, संगीत असं काही मिळणार नाही. संध्याकाळी चारनंतर थांबायची परवानगी असेल तर थांबा. ऊन उतरलं की लांब कुंभोजच्या बाहुबलीचा डोंगर जांभळा होतो आणि खालून वारं सुटतं. आम्ही त्यासाठी तासभर जास्त बसलो, कुणी उठवलं नाही.

दुसऱ्यांदा जायचं तर मी आश्विनात जाईन. काकू म्हणाल्या की तेव्हा उतारावर कुसळी गवत सोन्यासारखं पिकतं, आपट्याला नवी पानं असतात आणि हौद काठोकाठ असतो. फक्त साडी नेसून येऊ नका, म्हणाल्या, कुसळं घरी जाईपर्यंत टोचत राहतात.

कागलच्या जागेतलं उरलंसुरलं लॉन आम्ही मागच्या आठवड्यात काढलं. मिस्टरांनी आणि मी उताराला आडव्या दोन चरी आखून घेतल्यात, खणायचं काम पहिल्या वळवानंतर, जमीन जरा मऊ झाली की. आमच्या शाहूपुरीतल्याच एका कुंभारमामांकडं दहा गाडगी सांगितलीत. ते म्हणाले, "आता गणपतीच्या कामाला हात लागलाय, वैनी, पण ही देतो. पुरायला कोण मागतंय गाडगी?" मग मी त्यांना सगळं सांगितलं. चाक थांबवून त्यांनी ऐकलं आणि गळ्याशी जरा रुंद करून देऊ का, म्हणजे हात आत जाईल, असं आपण होऊन विचारलं.

आणि सासूबाई. पायऱ्या चढता येईनात म्हणून त्या दोन तास काकूंच्या सोप्यात बसून होत्या, त्यांचा दिवस फुकट गेला असं मला वाटत होतं. घरी आल्यावर त्यांनी पदराची गाठ सोडली. आत तरवडाच्या बिया होत्या, चिमूटभर. काकूंनी दिलेल्या. सासूबाईंच्या माहेरी, मंगळवेढ्याकडं, तरवड शेताच्या बांधाला असायचा, लग्नानंतर पन्नास वर्षांत त्यांनी तो इतक्या जवळून बघितला नव्हता. बियांचं टरफल कठीण असतं, म्हणून रात्रभर गरम पाण्यात भिजवायचं हेही त्यांनीच सांगितलं. आता गच्चीवर आइसक्रीमच्या जुन्या डब्यात त्या पेरल्यात. रोज सकाळी देवपूजेआधी त्या वर जाऊन बघतात. काल सहा उगवल्या होत्या, आज आठ.